जवळचे अंतर आणि सायकल : रुग्णालयाच्या आवाराचा एक हिशेब

(रुग्णालयाच्या वर्धापनदिनाच्या सभेत प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या सभेत प्रशासनाच्या वतीने बोलताना आम्ही खाटा, शस्त्रक्रिया, बाह्यरुग्ण आणि जमाखर्च यांचे आकडे आपणापुढे ठेवतो. ते आकडे यंदाही लेखापरीक्षित ताळेबंदासह या अहवालात अन्यत्र दिलेले आहेत. आज मात्र ज्या एका गोष्टीचा हिशेब आजवर कोणत्याच खतावणीत मांडला गेला नाही, तिच्याविषयी बोलण्याची अनुमती आम्ही अध्यक्ष महोदयांकडून मागून घेतली आहे. ती गोष्ट म्हणजे आपल्या रुग्णालयाच्या आवारातील जागा, आणि ती जागा व्यापणारी आपली वाहने. ओघाने सायकलीचाही विषय निघणार आहे. रुग्णालयाच्या वार्षिक सभेत सायकलीचे काय काम, असा प्रश्न काहींच्या मनात येईल. त्याचे उत्तर देण्यासाठी एक प्रसंग सांगणे आवश्यक आहे.

गेल्या वर्षी मार्च महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात, हिशेब बंद करण्याच्या धांदलीत, एके सकाळी सत्तरीच्या एका मातोश्रींना घेऊन रुग्णवाहिका आपल्या फाटकाशी आली. त्यांना श्वास घेणे कठीण झाले होते. फाटकातून आत आल्यावर अपघात विभागाकडे वळण्याची जी जागा आहे, तेथे एक मोटार उभी होती. रुग्णवाहिकेला वळता येईना. सुरक्षारक्षक मोटारीच्या मालकाचा शोध घेऊ लागला. अखेर दोन वॉर्डबॉय मामा धावत गेले, त्यांनी स्ट्रेचर बाहेर काढले आणि ऊन, खडी व उभ्या दुचाकी यांतून वाट काढत मातोश्रींना आत नेले. यात चार-पाच मिनिटे गेली. परमेश्वराच्या कृपेने आणि डॉक्टरांच्या तत्परतेने त्या वाचल्या व नवव्या दिवशी आपल्या पायांनी चालत घरी गेल्या.

ती मोटार रुग्णाची नव्हती, पाहुण्याची नव्हती, औषधे पुरवणाऱ्याचीही नव्हती. ती आमची होती. आमची म्हणजे संस्थेची नव्हे, तर प्रस्तुत वक्त्याची. लेखापरीक्षक आले आहेत असा निरोप मिळाल्यामुळे घाईने ती तेथे लावली होती आणि ‘पाच मिनिटांत काढतो’ असे रक्षकाला सांगून आम्ही वर कार्यालयात गेलो होतो.

मातोश्रींना घरी नेण्याच्या दिवशी त्यांचे चिरंजीव बिल भरण्यासाठी कार्यालयात आले. सेवेविषयी त्यांनी समाधान व्यक्त केले. जाता जाता ते सहज म्हणाले, “ती गाडी कोणाची होती, ते शेवटपर्यंत कळलं नाही हो.” आम्ही त्यांना खरे ते सांगितले. ते काही क्षण गप्प राहिले. मग म्हणाले, “साहेब, निदान यापुढे ती जागा मोकळी तरी ठेवा.” त्यांनी तक्रार लिहून दिली नाही. लिहून दिली असती तर ती नोंदवून, उत्तर पाठवून आम्ही मोकळे झालो असतो.

त्या रात्री आम्ही एक साधा हिशेब केला. आमचे घर ते रुग्णालय हे अंतर सव्वातीन किलोमीटर आहे. चढ नाही, घाट नाही. एक पूल आणि दोन चौक. एवढ्या अंतरासाठी पाच माणसे बसतील असे वाहन एकट्याने आणायचे, ते आठ-नऊ तास रुग्णांच्या आवारात उभे करून ठेवायचे आणि संध्याकाळी परत न्यायचे, हा क्रम किती वर्षे चालू होता हे आठवेना. या क्रमाचा निर्णय आपण कधी घेतला, हे तर त्याहूनही आठवेना. सवय लागली होती, एवढेच.

वास्तविक आम्ही ज्या पिढीचे, त्या पिढीला सायकल नवी नाही. पुण्याला सायकलींचे शहर म्हणत, तो काळ आम्ही पाहिला आहे. दांडीखालून पाय घालून अर्धे पायडल मारत आम्ही शिकलो ते तासाच्या बोलीवर भाड्याने आणलेल्या सायकलीवर. वाणिज्य महाविद्यालयात जाताना वह्या कॅरिअरला लावलेल्या असत. संध्याकाळी दिवा नाही म्हणून किंवा डबलसीट बसलो म्हणून पोलिसाने अडवल्याची आठवण या सभागृहातील अनेकांना असेल. कारकून, प्राध्यापक, दूधवाले, परिचारिका, कारखान्यातील कामगार असे सर्वच सायकलीवर असत आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे.

मग हे बदलले कसे? सायकल वाईट ठरली म्हणून नव्हे. याच परिसरात तयार होणाऱ्या स्कूटर आणि मोपेड मध्यमवर्गाच्या आवाक्यात आल्या. ‘चेतक’ आणि ‘लुना’ ही दोन्ही वाहने १९७२ सालची. पुढे शहर चहूबाजूंनी वाढले, घर आणि काम यांतील अंतरे लांबली. रस्ते रुंद झाले, पण ती रुंदी वेगवान वाहनांच्या वाट्याला गेली. ज्यांची अंतरे लांबली त्यांनी वाहन घेतले, हे योग्यच झाले. परंतु ज्यांची अंतरे तेवढीच राहिली, त्यांनीही घेतले. कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायलाही आपण गाडीला किल्ली लावू लागलो. हा बदल कोणी ठरवून केला नाही, म्हणूनच तो ठरवून दुरुस्त करावा लागेल, असे आम्हांस वाटते.

येथवरचा विषय सोयीचा आणि शिस्तीचा झाला. रुग्णालयाच्या दृष्टीने त्याला दुसरीही बाजू आहे. आम्ही डॉक्टर नाही. वाणिज्य शाखेच्या पदवीधराने वैद्यकशास्त्र सांगू नये, हे आम्ही जाणतो. तरीही आमच्या वैद्यकीय सहकाऱ्यांकडून समजून घेतलेल्या काही गोष्टी येथे नमूद करणे आवश्यक वाटते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लक्ष लोकांना मधुमेह आहे, आणि आणखी सुमारे १३ कोटी ६० लक्ष लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. मूत्रपिंडे निकामी होण्याच्या प्रमुख कारणांपैकी मधुमेह हे एक आहे. आपल्या डायलिसिस विभागाबाहेर जी प्रतीक्षायादी लागलेली असते, तिच्याकडे पाहताना ही कोटींची संख्या आम्हांस कागदावरची वाटत नाही.

या व्याधींची कारणे अनेक आहेत. अनुवंश आहे, आहार आहे, वयही आहे. त्यांपैकी एक कारण मात्र पुरेसे आपल्या हाती आहे, ते म्हणजे शरीराची हालचाल. १९५३ साली लंडनमध्ये डॉ. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील बसचालक व बसवाहक यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोघेही एकाच बसवर, एकाच प्रकारच्या वस्तीतून आलेले. चालक दिवसभर बसून, तर वाहक दुमजली बसच्या पायऱ्या चढत-उतरत. हृदयविकाराचे प्रमाण वाहकांमध्ये कमी आढळले. व्यायामशाळेत कोणी गेले नव्हते. फरक नित्याच्या कामातील हालचालीचा होता.

अलीकडचा दाखला द्यायचा तर २०१७ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये सुमारे २ लक्ष ६३ हजार व्यक्तींच्या माहितीवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या कालावधीत सायकलने कामावर जाणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका वाहनाने जाणाऱ्यांच्या तुलनेत ४१ टक्क्यांनी कमी आढळला. आमच्या डॉक्टर सहकाऱ्यांनी येथे एक सावधगिरीची सूचना दिली, ती आम्ही जशीच्या तशी सांगतो. हा निरीक्षणावर आधारलेला अभ्यास आहे. जे मुळात निरोगी असतात तेच सायकल चालवतात असेही काही अंशी असू शकते. ही सूचना लक्षात घेऊनही दिशा स्पष्ट आहे, असे त्यांचे मत पडले.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढ व्यक्तीस आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सुचविते. आता आमच्या सव्वातीन किलोमीटरचा हिशेब पाहा. ताशी १५ किलोमीटर अशा संथ गतीने सायकल चालवली तर एका फेरीला १३ मिनिटे लागतात. जाऊन-येऊन २६. कामाच्या सहा दिवसांचे १५६. म्हणजे व्यायामासाठी वेगळा वेळ न काढता आठवड्याचा कोटा पुरा होतो. ‘व्यायामाला वेळ मिळत नाही’ हे वाक्य आम्ही आमच्याच डॉक्टरांना वर्षानुवर्षे ऐकवत आलो होतो. वेळ होता, तो आम्ही पूल आणि दोन चौक यांवर क्लच दाबण्यात घालवत होतो.

वेळ वाचतो म्हणून मोटार, हा युक्तिवादही तपासून पाहिला. टॉमटॉम या डच कंपनीच्या २०२४ सालच्या पाहणीनुसार पुण्यात मोटारीने १० किलोमीटर जाण्यास सरासरी ३३ मिनिटे २२ सेकंद लागले. म्हणजे गती ताशी १८ किलोमीटर. सायकलीची १५. सव्वातीन किलोमीटरमध्ये हा फरक जेमतेम दोन मिनिटांचा पडतो, आणि ती दोन मिनिटे मोटार लावायला जागा शोधण्यात सहज खर्ची पडतात.

पैशाचा हिशेब आमच्या व्यवसायाला साजेसा म्हणून थोडक्यात सांगतो. रोज साडेसहा किलोमीटर, वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे १,९५० किलोमीटर. शहरातील गर्दीत मोटार लिटरला १३ किलोमीटर धावते असे धरल्यास १५० लिटर पेट्रोल. पुण्यात पेट्रोलने २०२१ साली लिटरला शंभरी ओलांडली. म्हणजे वर्षाला पंधरा हजार रुपयांहून अधिक खर्च केवळ इंधनाचा. विमा, देखभाल आणि घसारा वेगळा. साधी, भक्कम सायकल याच्या निम्म्याहून कमी रकमेत येते. एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडतो. तेव्हा दीडशे लिटरचे सुमारे साडेतीनशे किलो होतात. एका माणसाचे, एका सव्वातीन किलोमीटरच्या रस्त्याचे.

परंतु आपल्या संस्थेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा हिशेब जागेचा आहे. एक मोटार उभी करण्यास अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा लागते; वळण्याची वाट धरली तर जवळजवळ दुप्पट. आपल्या सामान्य कक्षातील एका खाटेला एवढी जागा मिळत नाही. दहा सायकली मात्र एका मोटारीच्या जागेत सुखाने उभ्या राहतात. देणगीदारांनी पै-पै करून उभ्या केलेल्या या आवारात निरोगी माणसाच्या मोटारीला रुग्णापेक्षा मोठी खाट मिळावी, हे आम्ही कोणत्या शीर्षाखाली दाखवावे, ते आम्हांस उमगत नाही.

या विचारातून आम्ही स्वतःपासून आरंभ केला आणि जे सहकारी पाच किलोमीटरच्या आत राहतात त्यांना, सक्ती न करता, आवाहन केले. ३ जून हा दिवस संयुक्त राष्ट्रांनी २०१८ सालापासून जागतिक सायकल दिन म्हणून घोषित केला आहे. त्या मुहूर्तावर आम्ही नऊ जणांनी सुरुवात केली. मुहूर्त चांगला असला तरी पाऊस तोंडावर आहे, हे आम्ही ध्यानी घेतले नव्हते. जूनच्या अखेरीस नवांतील चारच उरलो. हे यश म्हणून सांगण्यासारखे नाही, म्हणून मुद्दाम सांगत आहोत.

ज्यांनी सोडले त्यांच्याशी नंतर आम्ही बसून बोललो. त्यांची कारणे आळसाची नव्हती. भिजलेले कपडे बदलण्यास खोली नव्हती. घामाने ओल्या झालेल्या गणवेशात रुग्णाजवळ कसे जावे, असे एका सिस्टरांनी विचारले, आणि ते योग्य होते. चाकातील हवा गेली तर पंप नव्हता. आम्ही उत्साह दाखवला होता, व्यवस्था केली नव्हती. त्यानंतर तळमजल्यावरील जुन्या भांडाराची खोली रिकामी करून तेथे कपडे बदलण्याची व स्नानाची सोय केली, स्त्रिया व पुरुष यांच्यासाठी स्वतंत्र. एक पंप, पंक्चर काढण्याचे साहित्य आणि काही रेनकोट ठेवले. कर्मचारी पतपेढीने सायकलसाठी बिनव्याजी उचल देण्याचे मान्य केले. जडवस्तू नोंदवहीत निकामी म्हणून दाखवलेली टपालाची जुनी सायकलही दुरुस्त करून घेतली. बँक, टपाल कार्यालय आणि जवळच्या प्रयोगशाळेपर्यंतची कामे आता तिच्यावर होतात. दिवाळीनंतर सोडून गेलेल्यांपैकी तिघे परतले आणि काही नवेही आले.

याच सुमारास आम्ही सायकलींची जागा बदलली. पूर्वी ती धुलाईघराच्या मागे, कचऱ्याच्या डब्यांलगत होती. आता ती मुख्य इमारतीच्या दाराजवळ, छपराखाली आहे. आम्हांला या बदलाचे समाधान वाटत होते. तेव्हा वीस वर्षे सायकलने येणारे आमचे एक मामा म्हणाले, “साहेब, तुम्ही सायकलवर येऊ लागलात म्हणून स्टँड पुढं आलं. आम्ही तर पहिल्यापासून येतोय.”

या वाक्यावर आम्ही निरुत्तर झालो. २०११ च्या जनगणनेत देशातील जवळजवळ ४५ टक्के कुटुंबांकडे सायकल असल्याची नोंद आहे. मोटार असलेली कुटुंबे पाच टक्क्यांहूनही कमी होती. सायकल नाहीशी झालेली नव्हती. ती आमच्या नजरेतून नाहीशी झाली होती. आपले अनेक मामा, सफाई कामगार आणि स्वयंपाकघरातील सेवक दररोज सायकलने येत होते, आवारातील जागा वाचवत होते, आणि आम्ही त्यांना मागील दाराने आत घेत होतो. या सभेत त्यांची नावे घेण्याची आमची इच्छा होती. त्यांनी ती घेऊ दिली नाहीत. त्यांचे ऋण मात्र आम्ही जाहीरपणे मान्य करतो.

आता एका गंभीर गोष्टीकडे वळतो. सायकल आरोग्यास हितकारक असली तरी आपले रस्ते तिला सुरक्षित नाहीत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांत दुचाकीस्वार आणि पादचारी यांचे प्रमाण सर्वाधिक होते. आपल्या अपघात विभागात रात्री काय येते, ते आम्ही पाहतो. म्हणून कोणालाही डोळे मिटून सायकल घ्या असे सांगण्याचे धाडस आम्ही करणार नाही. ज्यांचा मार्ग वेगवान महामार्गावरून जातो त्यांना आम्ही स्वतः नको म्हटले. रात्रपाळीच्या सिस्टर आणि मावशी यांना हे आवाहन लागू नाही. त्यांच्यासाठीची वाहनव्यवस्था पूर्ववत चालू राहील. ज्यांचे गुडघे, दृष्टी किंवा हृदय साथ देत नाही त्यांनी आधी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. जे येतात त्यांच्यासाठी शिरस्त्राण, मागचा तांबडा दिवा आणि घंटी या तीन गोष्टी आवश्यक केल्या आहेत, आणि अंतर थोडे वाढले तरी आतल्या गल्ल्यांचा मार्ग धरावा, असे सुचविले आहे.

पुणे शहरात सायकलींसाठी प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. २००६ साली बसगाड्यांच्या स्वतंत्र मार्गाबरोबर सातारा व सोलापूर रस्त्यांवर सायकल मार्ग आखले गेले. २०१७ साली महापालिकेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस विद्यापीठ व औंध परिसरात भाड्याच्या सायकलींचा प्रयोग सुरू झाला. तो प्रयोग फार टिकला नाही. मार्गही अनेक ठिकाणी तुटक राहिले, त्यांवर वाहने उभी राहू लागली. यावरून ‘आपल्याकडे हे होणे नाही’ असा निष्कर्ष काढणे सोपे आहे.

परंतु ज्या देशाचे नाव आज सायकलीसाठी घेतले जाते, त्या नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्ते अपघातांत तीन हजारांहून अधिक माणसे गेली, आणि त्यांत चारशेहून अधिक लहान मुले होती. तेथेही मोटारींसाठी सायकल मागे सारली गेली होती. आपली मुलगी अपघातात गमावलेल्या एका पत्रकाराच्या लेखातून तेथे पालकांची चळवळ उभी राहिली. १९७३ च्या तेलटंचाईत सरकारने काही रविवार मोटारी बंद ठेवल्या आणि लोकांनी आपलेच रस्ते पुन्हा पायी व सायकलीवर पाहिले. तेथील सायकल मार्ग त्यानंतरच्या दशकांत, आग्रहाने आणि खर्चाने, तयार झाले आहेत. रस्ता सुधारणे एका रुग्णालयाच्या हाती नाही, हे खरे. पण आपल्या फाटकासमोरचा चौक सुरक्षित व्हावा यासाठी महापालिकेस संस्थेच्या वतीने पत्र पाठवले आहे, आणि त्याचा पाठपुरावा आम्ही करू.

रुग्णांच्या नातेवाइकांचा गैरसमज होऊ नये म्हणून एक गोष्ट स्पष्ट करतो. हे आवाहन रुग्णांसाठी नाही. आपण आपल्या आजारी माणसाला मोटारीने, रिक्षाने, मिळेल त्या वाहनाने आणा. पुढचे आवार आपलेच आहे, आणि ते आपल्यासाठी मोकळे राहावे म्हणूनच हा सारा खटाटोप आहे. मात्र जवळच्या पेठेतून डबा घेऊन येणारा घरचा तरुण सायकलने आला, तर त्याच्यासाठी दाराजवळ, छपराखाली जागा राखलेली आहे, एवढे सांगावेसे वाटते.

अखेरीस ज्या विषयासाठी हा सर्व हिशेब मांडला, तो सांगतो. आवारातील गर्दीमुळे दुमजली वाहनतळ बांधण्याचा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे होता आणि एका दानशूर कुटुंबाने आपल्या दिवंगत मातोश्रींच्या स्मरणार्थ त्यासाठी देणगी देऊ केली होती. प्रस्ताव आम्हीच तयार केला होता. मार्चमधील त्या प्रसंगानंतर आम्ही त्या कुटुंबास भेटलो आणि सांगितले की, ही गर्दी मोठ्या अंशी आम्हा कर्मचाऱ्यांच्याच वाहनांची आहे. आम्ही थोडे आवरते घेतले तर या रकमेतून डायलिसिसची यंत्रे घेता येतील. त्या कुटुंबातील ज्येष्ठ वहिनींनी एवढेच विचारले, “आणि तुम्ही आवरतं घेतलं नाहीत तर?” प्रश्न रास्त होता. त्यांच्या संमतीने, आणि विश्वस्त मंडळाच्या मान्यतेने, हा निर्णय एक वर्ष पुढे ढकलला आहे. देणगीची रक्कम स्वतंत्र मुदत ठेवीत ठेवली आहे.

या वर्षात दर सोमवारी सकाळी दहा वाजता आवारातील वाहनांची मोजणी होईल: कर्मचाऱ्यांच्या मोटारी किती, दुचाकी किती, सायकली किती. ती नोंदवही स्वागतकक्षात ठेवली आहे. आपणांपैकी कोणीही ती पाहू शकेल. पुढील वर्षीच्या अहवालात ते आकडे, चांगले असोत वा वाईट, आम्ही ताळेबंदाच्या शेजारी छापू. कर्मचाऱ्यांच्या मोटारी पुरेशा कमी झाल्या नाहीत, तर वाहनतळाच्या अंदाजपत्रकावर पहिली सही आम्ही करू आणि आमचा अंदाज चुकला असे याच व्यासपीठावरून सांगू. त्या झाल्या, तर त्या माउलींचे नाव डायलिसिस विभागाच्या दारावर लागेल.

फाटकाजवळच्या त्या वळणावर आता पिवळा पट्टा मारला आहे. तेथे कोणतेही वाहन उभे राहत नाही. रोज सकाळी त्या पट्ट्यावरून जाताना आम्ही सायकलीवरून उतरतो आणि ती हातात धरून स्टँडपर्यंत नेतो. तसा नियम नाही. पण त्या मातोश्रींना खडीवरून नेणारे मामा डोळ्यांसमोर येतात, म्हणून.